पणजीचे कुंकू पुसणारी दुरुस्ती: छायाचित्र-सेवेचा एक अनुभव

माझ्या माहेरचे वाईचे घर गेल्या वर्षी विकायचे ठरले, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक कितीतरी वर्षांनी खाली उतरली. तिच्यात जुनी पंचांगे, एक पितळी अडकित्ता, जमिनीच्या वादाचे स्टँपपेपर आणि मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली तीन छायाचित्रे निघाली. पहिले पत्त्याच्या पानाएवढ्या रुंदीचे आणि त्याहून थोडे उंच, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. दुसरे हाताच्या पंजाएवढे. तिसरे मोठे, वाड्याच्या चौकात काढलेले, डाव्या कडेला फाटलेले आणि एका कोपऱ्यात वाळवीने खाल्लेले. तिन्ही एकोणिसाव्या शतकातली. ती स्कॅन करून, दुरुस्त करून आणि एक रंगीत करून घेण्यासाठी मी पुण्यातल्या एका सेवेकडे दिली. त्या सेवेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण जे घडले ते एकाच दुकानाचे वैगुण्य नसून या धंद्याची सर्वसाधारण पद्धत आहे, असे नंतर आणखी दोन ठिकाणी केलेल्या चौकशीवरून माझ्या लक्षात आले. निर्णय आधीच सांगून टाकते: स्कॅनिंग उत्तम, माणसे सभ्य, पण ‘दुरुस्ती’ या शब्दाखाली जे केले जाते त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

व्यवहार असा होता. प्रत्येक छायाचित्राच्या स्कॅनिंगला ३५० रुपये, दुरुस्तीला १,८०० रुपये आणि रंगभरणीला ९०० रुपये. तीन छायाचित्रांची दुरुस्ती आणि एकाची रंगभरणी धरून वस्तू व सेवा करासह ८,६७३ रुपये झाले. दोन आठवडे सांगितले होते, तीन लागले. काउंटरवरच्या मुलाने सुती हातमोजे घालून छायाचित्रे हाताळली, प्रत्येकाला आम्लरहित कागदाचे स्वतंत्र पाकीट दिले आणि माझ्यासमोर पावतीवर प्रत्येकाचे माप, फाटलेली बाजू व डागांची जागा लिहून घेतली. एवढी काळजी मी बँकेच्या लॉकरमध्येही पाहिलेली नाही. अर्जावर ‘मूळ स्कॅन हवे का’ असा एक बारीक अक्षरातला रकाना होता. त्यावर मी सवयीने खूण केली, आणि ती केली नसती तर या लेखातले बहुतेक काही मला कळलेच नसते.

पहिले छायाचित्र माझ्या खापरपणजोबांचे. ते मुंबईत सरकारी कचेरीत कारकून होते, आणि घरातल्या समजुतीप्रमाणे हे चित्र १८७० नंतरच्या काही वर्षांत केव्हातरी मुंबईतच काढलेले आहे. या मापाच्या कार्डाला फ्रेंचमध्ये भेटीचे कार्ड म्हणत. पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ साली त्याचे पेटंट घेतले. त्याची युक्ती शोधापेक्षा हिशेबाची अधिक होती. कॅमेऱ्याला अनेक भिंगे लावून आणि काच सरकवून एकाच काचेवर आठ छबी उमटवायच्या, एकाच कागदावर त्या छापायच्या आणि कात्रीने कापून पुठ्ठ्यांवर चिकटवायच्या. पॅरिसमध्ये मोठ्या आकाराच्या एका छायाचित्राला ५० ते १०० फ्रँक पडत असताना दिस्देरीने डझनभर कार्डे २० फ्रँकांना दिली. पुढे तोच दिस्देरी १८८९ साली कफल्लक होऊन मेला, कारण जे कापून चिकटवायचे ते कुणालाही कापून चिकटवता येत होते.

त्याआधी आपली छबी मागे राहावी असे वाटणाऱ्या माणसाला चित्रकार परवडावा लागे, म्हणजे मुळात चित्रकाराला घरी बोलावण्याची ऐपत आणि त्याच्यापुढे तासन्‌तास बसण्याची फुरसत असावी लागे. मुंबईतही सुरुवातीला कॅमेरा वरच्या लोकांच्याच हातात होता. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्यात लष्करी आणि मुलकी अधिकारी होते, डॉ. भाऊ दाजी होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रे काढत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. छंद म्हणून आलेली वस्तू अशी धंद्यात उतरली, आणि मग माझ्या खापरपणजोबांसारखा पगारदार माणूसही खिशात पैसे घेऊन जिना चढू लागला. रोजंदारीवरच्या हमालाला तो जिना तेव्हाही परवडत नव्हता, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडमध्ये १८६० साली मेयॉल या छायाचित्रकाराने राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या कुटुंबाची याच मापाची कार्डे विक्रीला काढली आणि ती हातोहात खपली. घरोघरच्या अल्बममध्ये राणीसाठी जेवढे घर कापलेले असे, तेवढेच घर गावच्या वाण्यासाठीही असे. मापाची ही समता मला फार गमतीची वाटते, कारण कार्डाच्या आत मात्र प्रत्येक जण आपण समान नसल्याचेच सांगत असे.

खापरपणजोबा आपल्या कार्डात उभे आहेत. डोक्यावर पगडी, अंगात पांढरा अंगरखा, खांद्यावर उपरणे, पायांत जोडा. उजवा हात एका गोल टेबलावरच्या जाड पुस्तकावर. मागे खांब आहे, पण तो कापडावर रंगवलेला. बाजूला जड पडदा आहे आणि तो बहुधा खरा. खांब आणि पडदा ही जोडी युरोपातल्या सरदारांच्या रंगचित्रांतून आलेली. तेथे तो महालाचा खांब असे. स्टुडिओत त्याचे कापड झाले आणि गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या कारकुनाच्या मागे येऊन उभे राहिले. काही महिन्यांनी एका मैत्रिणीच्या घरी तिच्या पूर्वजांचे कार्ड पाहिले, तेव्हा मी जागीच थबकले. तेच झालरीचे टेबल, तोच खांब, पडद्याची तीच गाठ. तिचे पूर्वज कापसाचे व्यापारी होते आणि ते त्याच टेबलाशेजारी खुर्चीत ऐसपैस बसले होते. टेबल दोघांचेही नव्हते, स्टुडिओचे होते; पण एकाला खुर्ची मिळाली आणि एक उभा राहिला. हा निव्वळ योगायोग असू शकतो. तरीही खापरपणजोबांनी आयुष्यभर साहेबापुढे उभे राहण्याची सवय कॅमेऱ्यापुढेही सोडली नाही, असा विचार माझ्या मनात येऊन गेलाच.

आता दुरुस्तीकडे येते. मूळ स्कॅन १२०० डीपीआयवर केलेले होते आणि ते खरोखर पाहण्यासारखे होते. उपरण्याचे काठ, पुस्तकाच्या कण्यावरच्या सोनेरी रेघा, बोटातली दर्भाकार अंगठी, सारे स्पष्ट. आणि टाचांच्या मागे, जमिनीलगत, लोखंडाच्या तीन पायांचे एक काळे बूड दिसत होते. हा डोके आवळण्याचा खांब. ओल्या कलोडियनच्या, म्हणजे काचेवर चिकट रासायनिक लेप देऊन छबी उमटवण्याच्या काळात काच तयार करून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि घरात येणाऱ्या उजेडात ती कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे. तेवढा वेळ माणूस हलू नये म्हणून त्याच्या मागे लोखंडी खांब उभा करून मानेला आणि कमरेला चिमटे लावत. एकोणिसाव्या शतकातल्या माणसांच्या चेहऱ्यांवर जो करारीपणा आपल्याला दिसतो आणि ज्याचे आपण ‘काय ती माणसे होती’ म्हणून कौतुक करतो, त्यातला बराचसा त्या चिमट्याचा आहे. दुरुस्त केलेल्या प्रतीत हे बूड नाहीसे झाले होते. त्याच्या जागी सतरंजीची नक्षी व्यवस्थित पुढे नेलेली होती. काम इतके सफाईदार होते की मूळ स्कॅन शेजारी ठेवले नसते तर मला ते समजले नसते. बूड गेल्यावर मात्र खापरपणजोबा एकदम उर्मट दिसू लागले. मान तशीच ताठ, पण ती कशाने ताठ आहे हेच चित्रातून निघून गेलेले.

रंगभरणीही याच चित्राची केली होती, आणि तिच्याविषयी फार लिहावे असे नाही. ती वाईट होती. पगडी गडद निळी, जवळजवळ काळी. घरातल्या सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक आहे की पगडी लाल होती. तिचा चुरगळलेला एक तुकडा त्याच ट्रंकेत सापडला. चूक कोठे झाली हे समजायला रसायनशास्त्र थोडेसेच लागते. कलोडियनच्या काचेला निळा उजेड चटकन दिसतो आणि तांबडा जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे लाल वस्तू छायाचित्रात काळी येते, पिवळी मळकट येते, आणि निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे. संगणकाला हे कुणी सांगितलेले नाही. त्याने काळे पाहिले आणि काळ्याच्या जवळचा रंग भरला. उन्हातान्हात रापलेली कातडी याच कारणाने मूळ माणसाहून अधिक काळी येते, आणि संगणकाने तिला मात्र भरपूर उजळ केले होते. पगडीच्या बाबतीत त्याला रंग कळला नाही हे समजू शकते. पण चेहऱ्याच्या बाबतीत कोणता रंग चांगला दिसतो याची त्याची मते पक्की होती.

दुसऱ्या चित्राने मला खरे अस्वस्थ केले. हे कॅबिनेट कार्ड आहे. हे माप १८६६ नंतर रूढ झाले आणि भेटीच्या कार्डापेक्षा दुपटीहून मोठे असल्याने चेहरे नीट दिसू लागले. पणजोबा खुर्चीत बसले आहेत आणि पणजी शेजारी उभी आहे, नऊवारी लुगडे, नथ, गळ्यात ठुशी, दोन्ही खांद्यांवरून पदर. १८९० नंतरचे हे चित्र असावे. दुरुस्त केलेली प्रत मी आधी मोबाइलवर पाहिली आणि मला ती सुरेखच वाटली. पुठ्ठ्यावरचे तपकिरी ठिपके गेले होते, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या त्या कागदाचा पिवळेपणा गेला होता, पणजीचा चेहरा नितळ झाला होता. मी ती प्रत माझ्या आत्याला दाखवायला नेली. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिने चष्मा लावला, चित्र जवळ धरले आणि म्हणाली, “अगं, हिचं कुंकू कुणी पुसलं?”

मूळ स्कॅनमध्ये कुंकू होते. कपाळाच्या मधोमध रुंद आडवी चिरी, आणि लाल असल्यामुळे काळी आलेली. ठिपके शोधून पुसणाऱ्या संगणकाने पुठ्ठ्यावरच्या ओलीचे डाग पुसले आणि त्याच ओघात कपाळावरचा हाही डाग पुसला. पणजी सवाष्ण गेली, पणजोबांच्या आधी, हे घरात दर वर्षी अविधवा नवमीला आठवले जाते. त्या काळच्या ब्राह्मण घरात कपाळ कोरे असणे याचा एकच अर्थ होता, आणि कोऱ्या कपाळाची बाई छायाचित्रात सहसा नसेच. केशवपन झालेली बाई अशा वेळी स्वयंपाकघरात असे. म्हणजे या दुरुस्तीने जे चित्र तयार केले ते त्या घरात निघणेच शक्य नव्हते. आत्याने तेवढ्या एका वाक्यानंतर ते माझ्या हातात परत दिले आणि पुन्हा पाहिले नाही.

चेहरे नितळ करण्याची हौस आजची नाही, हे मान्य केले पाहिजे. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल या छायाचित्रकाराने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच काचेवरून काढलेल्या दोन प्रती शेजारी शेजारी लावल्या होत्या, एक काच सुधारण्यापूर्वीची आणि एक सुधारल्यानंतरची. आणि तेव्हापासून काचेवर पेन्सिलीने सुरकुत्या बुजवणे हा स्टुडिओच्या कामाचाच भाग झाला. ज्यांचे काम कॅमेऱ्याने हिरावले होते असे कितीतरी लघुचित्रकार पुढे याच कामावर पोट भरू लागले. पण तो माणूस काचेवर वाकून काम करत असताना समोरच्या बाईच्या कपाळावर काय आहे हे त्याला समजत होते. स्त्रिया स्टुडिओत कशा येतात, कोणासमोर बसतात, काय नेसून बसतात, याचा विचार त्या धंद्याला करावाच लागे. प्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत जनान्यासाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तेथे कॅमेऱ्यामागेही स्त्रीच ठेवली, ती यासाठीच. आणि फिलाडेल्फियाला १८८५ च्या ऑक्टोबरात काढलेल्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात डॉ. आनंदीबाई जोशी जपानच्या आणि सीरियाच्या सहाध्यायिनींबरोबर आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. कॅमेऱ्यापुढे आपण कोण म्हणून बसायचे याची त्यांना पूर्ण कल्पना होती, हे त्या चित्रातल्या प्रत्येक चुणीवरून दिसते.

तिसरे चित्र चौकातले. कुणी फिरता छायाचित्रकार वाईला आला असताना काढलेले असावे, कारण मागे रंगवलेला पडदा टांगलेला आहे आणि पडद्याच्या वरून आमच्याच ओसरीच्या तुळया दिसतात. मधल्या खुर्चीत घरातले थोरले, शेजारच्या दोन खुर्च्यांत त्यांचे भाऊ, मागे उभ्या बायका, पुढे सतरंजीवर मुले. दुरुस्त केलेल्या प्रतीत डावी फाटकी कड कापून टाकलेली होती, त्यामुळे चौकट नीट काटकोनात आली होती. मूळ स्कॅन उघडल्यावर मी प्रथम त्या कडेकडे पाहिलेही नाही. मग दिसले की पडद्याचा बांबू धरून एक माणूस उभा आहे. अंगात बंडी, डोक्याला मुंडासे, गुडघ्यापर्यंत धोतर. वारा असावा, पडदा उडू नये म्हणून त्याला तेथे उभे केले होते. त्याचा चेहरा हलल्यामुळे पुसट आला आहे, पण बांबूवर आवळलेली चार बोटे अगदी स्पष्ट आहेत, आणि मनगटाला बांधलेला काळा दोराही. फाटलेली कड त्याच्या खांद्यातून जाते. कापणाऱ्याला तो फाटक्या भागाचाच एक तुकडा वाटला असणार.

या ठिकाणी मला मुंबईच्याच विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराची आठवण झाली. त्याने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातली माणसे स्टुडिओत उभी करून छायाचित्रित केलेली आणि नंतर ती मुंबईच्या देखाव्यांवर जोडून छापलेली आहेत. पार्श्वभूमी बदलून देणे ही सेवा, म्हणजे या दुकानाच्या दरपत्रकातली शेवटची ओळ, मुंबईत दीडशे वर्षांपूर्वीही चालू होती. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत जो हिंदुस्थानच्या लोकांचा चित्रसंग्रह छापला, त्यात चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. आणि तेथे बहुतेक माणसांच्या खाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. स्टुडिओत पैसे देऊन जो जाई त्याला खांब, टेबल, पुस्तक आणि नाव मिळे. ज्याच्यापर्यंत कॅमेरा आपणहून जाई त्याला बहुधा जमीन आणि जात मिळे. आमच्या चौकातला माणूस तर दोन्हींत नव्हता. त्याचे छायाचित्र काढायचेच नव्हते, तो पडदा धरायला होता.

एक गोष्ट मात्र या सेवेने केलीच नव्हती, आणि ती मागावी हे मलाही सुचले नव्हते: मागची बाजू. स्कॅनिंग म्हणजे फक्त पुढची बाजू, असा त्यांचा नियम. पहिल्या कार्डाच्या मागे स्टुडिओची वेलबुट्टीदार मुद्रा आहे आणि काच जपून ठेवली असल्याने केव्हाही आणखी प्रती मिळतील असे इंग्रजीत आश्वासन आहे, ज्याचा आता उपयोग करून घ्यायला उशीर झाला. तिसऱ्याच्या मागे मोडीत चार ओळी आहेत. मी त्या एका मोडी वाचकाकडून वाचून घेतल्या. बसलेल्या-उभ्या क्रमाने माणसे लिहिली आहेत. पुरुषांना रा. रा., बायकांना सौ., मुलांना चि.; बायकांचे नाव एकीचेही नाही, अमक्याची बायको एवढेच. अकरा जणांची यादी संपल्यावर शेवटी दोन शब्द आहेत: ‘व गडी’. ज्याने ती यादी लिहिली त्याने, नाव न का देईना, त्याला मोजला होता. आमच्या पैशाने झालेल्या दुरुस्तीने तेवढेही केले नाही.

मी तक्रार घेऊन गेले तेव्हा काउंटरवर प्रथम ‘ते सॉफ्टवेअर आपोआप करते’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर खरे असले तरी १,८०० रुपयांची पावती सॉफ्टवेअरने फाडलेली नव्हती. मालकांनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी तिन्ही कामे नव्याने करून देण्याचे मान्य केले, जादा पैसे घेतले नाहीत आणि दुरुस्ती करणाऱ्या मुलीशेजारी मला बसू दिले. हा तास या संपूर्ण व्यवहारातला सर्वांत मोलाचा भाग ठरला. ती मुलगी पंचवीस-सव्वीस वर्षांची, चित्रकला शिकलेली. पहिल्या वेळी तिच्या वाट्याला दिवसाला चाळीस छायाचित्रे येत होती, त्यामुळे यंत्राने सुचवलेले बदल ती एकेक न पाहता स्वीकारत होती, असे तिने सरळ सांगितले. या वेळी ती प्रत्येक डागाशी थांबून विचारत होती: हा ठेवायचा की काढायचा? मी तिला कुंकू सांगितले, लोखंडी बूड सांगितले, पणजोबांच्या गालावरची देवीची वणे सांगितली, तीही पहिल्या प्रतीत गुळगुळीत झाली होती. ओलीचे ठिपके, घडीची रेघ, वाळवीची भोके आणि कुणाच्या तरी अंगठ्याचा शाईचा ठसा एवढेच काढायचे ठरले. अंगठ्याच्या ठशाविषयी मी नंतर थोडी हळहळले, पण तो नेमका थोरल्यांच्या नाकावर होता.

नवे काम अकरा दिवसांनी मिळाले आणि ते चांगले आहे. पणजीची चिरी आहे तेथे आहे. फाटलेली डावी कड त्यांनी कोऱ्या करड्या रंगाने भरून काढली, म्हणजे जे नाही ते नाही असे दिसते आणि जे आहे ते कापले गेलेले नाही. रंगभरणीचा नाद मी सोडला. तेवढे ९०० रुपये त्यांनी परत करू केले, ते मी तिन्हींच्या मागच्या बाजू स्कॅन करण्यात वळते केले.

तेव्हा ज्यांच्याकडे अशी छायाचित्रे आहेत त्यांना ही सेवा घ्यावी असे मी सांगेन, पण माझ्या पद्धतीने घ्यावी. पावसाळ्यात कुरिअरने पाठवू नये. हा कागद पातळ असतो, आर्द्रतेने पुठ्ठ्यासकट वाकतो आणि सरळ करू गेल्यास वरचा लेप तडकतो. आधी केवळ स्कॅन करून घ्यावे, दोन्ही बाजूंचे आणि चारही कडांबाहेर थोडी जागा सोडून, आणि ते घरी नेऊन घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाबरोबर पाहावे. काय पुसायचे ते त्यानंतर ठरवावे आणि कागदावर लिहून द्यावे. ३५० रुपयांत मिळणारे ते स्कॅन या दुकानाने विकलेली सर्वांत चांगली वस्तू आहे, आणि गंमत अशी की अर्जावर तिच्यासाठी सर्वांत लहान अक्षरे वापरलेली आहेत.

चौकातल्या चित्राची मोठी प्रत काढून ती मी फ्रेम करायला दिली. फ्रेमवाले काका आमच्या नेहमीच्या ओळखीचे. त्यांनी चित्र टेबलावर ठेवले, वर हस्तिदंती माउंट धरला आणि चारही बाजूंनी अर्धा इंच आत घेतला, जसा ते नेहमी घेतात. डावीकडे बांबू आणि तो धरणारी बोटे माउंटखाली गेली. “ताई, ही फाटकी बाजू झाकून टाकतो, बघा कसं छान दिसतंय,” ते म्हणाले. मी त्यांना माउंट डावीकडून मोठा कापायला सांगितला. त्यासाठी नवा बोर्ड लागला आणि १२० रुपये जास्त पडले.